रोग टाकीला, औषध कार्ब्युरेटरला

प्रश्न : बाबांची १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. २०२१ च्या पावसाळ्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी राहिली, ती राहिलीच. चार वर्षांनी, दिवाळी झाल्यावर मी ती चालू करायचं मनावर घेतलं. नवी बॅटरी, नवे प्लग, टायरात हवा आणि वीस लिटर ताजं पेट्रोल. गाडी चालू झाली. कोथरूडच्या आतल्या रस्त्यांवर दहा-पंधरा मिनिटं नीट चालते. डेपोवरून चांदणी चौकाकडे चढ लागला की झटके खायला लागते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आणखीच गुदमरते आणि बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला चालू! सिग्नलला चोक थोडा ओढून ठेवला तरच टिकते. मेकॅनिकने दोनदा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) साफ केला. दोन्ही वेळा चार-सहा दिवस गाडी छान चालली, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो इंजिन बसलंय, बोअर करा, नाहीतर कार्ब्युरेटर नवा टाका. बाबांचं म्हणणं, गाडीतला पेट्रोल पंप तापतोय, त्यावर ओलं फडकं ठेव. टाकीतलं जुनं पेट्रोल काढायला मात्र ते तयार नाहीत. चांगलं अर्धी टाकी आहे, वाया कशाला घालवायचं, म्हणतात. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, तूर्त इंजिन कोणालाही खोलू देऊ नका आणि नवा कार्ब्युरेटरही विकत घेऊ नका. तुम्ही पत्रात जे बारकावे लिहिलेत, त्यांतच निम्मं निदान आहे. बंद पडलेल्या गाडीबद्दल लोक सहसा ‘बंद पडते’ एवढंच सांगतात. कधी, कशी, आणि परत कशी चालू होते हे सांगत नाहीत. तुम्ही तिन्ही सांगितलंत.

आधी बोअरचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून नीट करण्याचं, बघू. झिजलेलं इंजिन निळसर धूर सोडतं, ऑइल पितं, सकाळी चालू व्हायला त्रास देतं, चढावर ओढत नाही. पण दहा मिनिटं उभी केली की बरी होते आणि पहिल्या सेल्फला पेटते, हे लक्षण झिजलेल्या इंजिनाचं नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर त्या दहा मिनिटांच्या विश्रांतीने भरून येत नाहीत. तरीही मेकॅनिकचा आग्रह असेल, तर ‘आधी चारही सिलिंडरचं कंप्रेशन (आतला दाब) मोजून आकडे लिहून द्या’ एवढंच म्हणा. आकडे एकमेकांच्या जवळपास असले आणि सगळेच खाली आलेले नसले तर विषय संपला. एखादा आकडा खूपच खाली आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. गेज असलेल्या गॅरेजला यासाठी फार वेळ लागत नाही आणि इंजिन उतरवावंही लागत नाही.

आता तुमची लक्षणं. गाडी बंद पडण्याआधी झटके खाते, म्हणजे बहुधा पेट्रोल कमी पडतंय. करंट, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी वीज, एकदम गेला तर गाडी सहसा अशी रडत नाही. चावी फिरवून बंद केल्यासारखी एका क्षणात गप्प होते. दुसरं, चोक ओढला की टिकते. चोक हवा अडवतो आणि पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. ज्या इंजिनाला चोकने आराम पडतो, त्याला पेट्रोल तरी कमी मिळतंय किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय. तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं : कार्ब्युरेटर साफ केल्यावर चार-सहा दिवस गाडी उत्तम चालते. कार्ब्युरेटरच खराब असता तर साफ करून तो चार दिवस तरी का चालला असता? तो घाण करत नाहीये, घाण त्याच्याकडे येतेय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार आहे. दोनदा औषध दिलं, दोन्ही वेळा पखालीलाच.

घाण कुठून येते? टाकीतून. बाबांना हे सांगताना जरा जपून सांगा, कारण टाकीत पेट्रोल असू द्यावं, हे त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. टाकी काठोकाठ भरून ठेवली तर आत हवा कमी राहते, पाणी कमी धरतं, गंज कमी चढतो. जुन्या लोकांचा हा नियम चुकीचा नव्हता. पण तुमची टाकी अर्धी होती. उरलेल्या अर्ध्या टाकीत हवा. चार पावसाळे त्या हवेतलं पाणी रात्री गार पत्र्यावर धरत राहिलं. पेट्रोलच्या पातळीच्या वरचा पत्रा अशा टाक्यांमध्ये तांबूस होऊन पापुद्रे सोडतो. खालचं पेट्रोल तर काही महिन्यांतच उतरायला लागतं. त्यातले हलके, पटकन पेटणारे भाग उडून जातात आणि मागे चिकट, डिंकासारखा थर राहतो.

त्यात इथेनॉलची भर. २०२१ मध्ये तुम्ही भरलंत त्या पेट्रोलमध्ये साधारण आठ-दहा टक्के इथेनॉल असणार. आता पंपावर मिळतं ते वीस टक्क्यांचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. गाडीतल्या पंपाची नळी पेट्रोल खेचते तीही तळाजवळूनच. शिवाय इथेनॉल हा चांगला धुणारा पदार्थ आहे. टाकीच्या भिंतीला चिकटलेला जुना डिंक तो सोडवतो आणि पुढे पाठवतो. म्हणजे तुम्ही वीस लिटर ताजं पेट्रोल टाकलंत तेव्हा टाकी एका अर्थी खळबळून धुतली आणि धुवण कार्ब्युरेटरला पाजलं. वाईट पेट्रोलमध्ये चांगलं पेट्रोल मिसळून वाईट सुधारत नाही, चांगलं मात्र फुकट जातं. बाबांनी ते पेट्रोल वाचवलं, पण त्याच्या मोबदल्यात दोनदा कार्ब्युरेटर साफ करायचे पैसे गेले, हा हिशोब त्यांना सांगून बघा. पुणेरी माणसाला हिशोब पटतो.

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, डोळ्यांनी बघता येईल. इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत (बेसमेंटमध्ये मुळीच नाही, पेट्रोलची वाफ जमिनीलगत साठते), टाकीच्या तळाचं पेट्रोल मेकॅनिककडून काचेच्या पारदर्शक बाटलीत काढून घ्या आणि बाटली तासभर हलवू नका. ताजं पेट्रोल स्वच्छ दिसतं आणि त्याचा वास नाकात जातो. जुनं चहासारखं काळपट असतं आणि रोगणासारखा जड वास येतो. तळाशी विटकरी गाळ बसला तर तो गंज. तळाशी वेगळा थर दिसला, बाटली तिरकी केल्यावर पेट्रोलच्या खाली स्वतंत्र सरकणारा, तर ते पाणी. ही बाटली बाबांसमोर टेबलावर नाही, गॅलरीतही नाही, खाली पार्किंगबाहेरच दाखवा. पण दाखवा जरूर. मग टाकी रिकामी करायला तेच सांगतील.

दहा मिनिटांनी गाडी आपोआप चालू होण्याचं कोडंही इथेच सुटतं. टाकीच्या आत नळीच्या तोंडाशी जाळी असते. गंजाचे पापुद्रे पेट्रोलबरोबर ओढले जाऊन त्या जाळीला चिकटतात. आतल्या रस्त्यावर इंजिनाला पेट्रोल कमी लागतं, तेवढं कसंबसं मिळतं. चढाला मागणी वाढते, जाळी चोंदते, कार्ब्युरेटरची वाटी रिकामी होते, गाडी बंद. ओढ थांबली की पापुद्रे सुटून खाली पडतात, आणि पुढच्या सेल्फला पंप पुन्हा पेट्रोल आणतो.

अगदी असंच लक्षण आणखी एका गोष्टीने येतं आणि ती इतकी क्षुल्लक आहे की कोणी बघत नाही. टाकीतून पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं किंवा टाकीला स्वतंत्र बारीक नळी असते. चार वर्षं उभ्या गाडीच्या अशा नळीत कुंभारीण माशी कधी कधी मातीचं घर करते. भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गाडी उभी राहिली की हळूहळू हवा शिरते आणि सगळं सुरळीत. याची परीक्षा फुकट आहे. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की दहा मिनिटं थांबू नका. ताबडतोब उतरून झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली, तर चोर सापडला. आवाज आला नाही आणि चालूही झाली नाही, तर झाकण निर्दोष. फक्त हा प्रयोग चांदणी चौकाच्या ऐन गर्दीत करू नका; रविवारी पहाटे, बाजूला घ्यायला जागा असेल अशा चढावर, मागे धोक्याचा त्रिकोण ठेवून करा.

यानंतरची परीक्षा मेकॅनिकच्या हातून करून घ्यायची आणि माझ्या मते तुमच्या गाडीसाठी ही सगळ्यात उपयोगाची आहे. पेट्रोल पंपाला टाकीकडून येणारी नळी काढायची, तिच्या जागी नवी रबरी नळी लावायची आणि तिचं दुसरं टोक ताज्या पेट्रोलच्या, झाकणाला जेमतेम नळीपुरतं एक आणि हवा आत यायला दुसरं बारीक भोक असलेल्या डब्यात सोडायचं. डबा बॉनेटखालच्या तापणाऱ्या भागांपासून लांब, घट्ट बांधलेला. गाडी जागेवर उभी ठेवून अर्धा तास चालवायची, मधूनमधून रेस द्यायची. अग्निशामक जवळ हवाच. अर्धा तास गाडी गुळगुळीत चालली तर दोष बहुधा पंपाच्या मागे, म्हणजे टाकीत किंवा तिथून येणाऱ्या नळीत. त्यातही बंद पडली तर दोष पंपात किंवा पुढे. गाडी अशी दोन भागांत वाटून घेतली की उगाच पार्ट बदलत बसावं लागत नाही. या डब्यावर रस्त्याने मात्र फिरायचं नाही. काही गॅरेजवाले ग्राहकाला तशीच घरी पाठवतात. तुम्ही नकार द्या.

दोष टाकीत निघाला, आणि मला तेच वाटतं, तर टाकी उतरवूनच धुवायची. वरून औषध ओतून चालत नाही. आतली जाळी काढायची, पेट्रोलचा काटा हलवणारा गेजचा भाग काढायचा, टाकीत बारीक खडी किंवा साखळीचा तुकडा घालून हलवायचं, गंज काढणाऱ्या द्रावणाने धुवायचं, पूर्ण सुकवायचं आणि सुकल्यावर लगेच भरायचं. धुतलेला उघडा पत्रा दमट हवेत पुन्हा तांबूस व्हायला वेळ लागत नाही. टाकी सुटलेली असतानाच तिथून पंपापर्यंतच्या लोखंडी नळीत हवा मारून घ्यायची. टाकीला भोक पडलेलं निघालं तर गॅसचं वेल्डिंग ‘रिकामीच आहे’ म्हणून कोणी सुरू करणार नाही एवढं बघा. रिकाम्या टाकीतली वाफच फुटते, भरलेल्या टाकीपेक्षा ती वाईट. आतून लेप देण्याबद्दल मी फारसा उत्साही नाही. नीट न धरलेला लेप सुटतो आणि जाळीवर पापुद्र्यांऐवजी लेपाचे तुकडे अडकतात. काढलेलं जुनं पेट्रोल गटारात ओतू नका; गॅरेजलाच सोपवा.

रबरी नळ्या सगळ्या बदला, विचार न करता. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही आणि चार वर्षांत ते कडकही झालंय. टाकी ते पंप या भागातल्या नळीला चीर असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, कारण तिथे ओढ असते. उलट हवा आत जाते. जमिनीवर डाग नाही म्हणून नळी चांगली, असं समजू नका. नव्या नळ्या इथेनॉलला चालणाऱ्याच घ्या. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवा, त्यावरचा बाण पंपाच्या दिशेने. पुढचा महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी बॉनेट उघडून त्या फिल्टरकडे बघत जा. त्यात तांबूस चुरा दिसत राहिला तर टाकी नीट धुतलेली नाही.

पंपातला पडदा (जो खालीवर होऊन पेट्रोल ओढतो) हीच तेवढी जागा जिथे मला बाबांचं ऐकावंसं वाटतं, जरी कारण वेगळं असलं तरी. ओल्या फडक्याचा उपाय मे महिन्यातल्या घाटात खरा आहे. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफच ढवळत बसतो. जुन्या फियाटवाल्यांनी खंबाटकी अशीच पार केली आहे. पण तुमची गाडी थंडीच्या दिवसांत, पंधरा मिनिटांच्या आतबाहेर बंद पडतेय, आणि फडकं भिजवून आणून ठेवेपर्यंत दहा मिनिटं तशीही जातात. पडदा मात्र चार वर्षं कोरडा पडला की कडक होतो. त्याला चीर गेली तर पेट्रोल थेट इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं. आजच ऑइलची पट्टी ओढून हुंगा. ऑइल पातळ झालंय, पातळी वर चढलीय, पेट्रोलचा वास येतोय, यातलं काहीही आढळलं तर गाडी अजिबात चालू करू नका. आधी पंप, मग ऑइल. तसंही चार वर्षांचं ऑइल बदलायलाच हवं.

कार्ब्युरेटर या सगळ्यानंतर, तिसऱ्यांदा आणि शेवटचा. त्याचा स्लो जेट, म्हणजे गाडी उभ्या जागी चालू असताना पेट्रोल देणारं भोक, अगदी बारीक असतो, तो पहिला बुजतो. म्हणूनच सिग्नलला चोक लागतोय. जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू देऊ नका, भोक मोठं होतं. द्रावणात भिजवून हवा मारायची. साफ करूनही चोकशिवाय टिकत नसेल तर कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट आणि मॅनिफोल्डचे (कार्ब्युरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळकांड्याचे) नट बघायचे. मॅनिफोल्डला जाणारी एखादी रबरी नळी चिमट्याने क्षणभर दाबून बघायची. दाबल्यावर इंजिन सुधारलं तर हवा तिथून शिरतेय. आणि सगळं ठीक असतानाही आताच्या पेट्रोलवर जुना कार्ब्युरेटर किंचित कोरडा (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालतो, कारण इथेनॉलला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं. मिक्श्चरचा स्क्रू थोडासा ढिला केला की स्लो सुधारतो.

करंटची बाजू मी शेवटी ठेवली, कारण तुमची लक्षणं तिकडे बोट दाखवत नाहीत. पण चार वर्षांत पॉइंटवर (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) थर चढतोच आणि कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो. पॉइंट आणि कंडेन्सरची जोडी महाग नाही, बदलून टाका, पॉइंटची गॅप फीलर गेजने लावून घ्या. कॉइल (ठिणगीसाठी करंटचा दाब वाढवणारा भाग) मात्र संशयावरून बदलू नका. बंद पडल्यावर लगेच, पेट्रोलची कुठलीही नळी उघडी नसताना, मेकॅनिकला जादा प्लग इंजिनाच्या लोखंडाला टेकवून सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी आणि कडक असेल तर कॉइल निर्दोष. पिवळट, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर तिकडे वळा.

पार्किंगमध्ये उंदीर-घुशी असतील तर एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, आणि वायरी कुरतडल्यात का तेही. सुट्या भागांसाठी नाना पेठेत पंपाच्या पडद्याचं किट, पॉइंट, गॅस्केट यांची चौकशी करा. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी दिव्याची रिंग, दाराचं हँडल असलं काही मिळालं तर खुशाल घ्या, पण पंप, नळी, ब्रेकचं रबर तिथून नको. रबराचं वय बघून कळत नाही.

ब्रेकचं तर खरं म्हणजे सगळ्यात आधी सांगायला हवं. ब्रेक ऑइलही पाणी ओढतं, आणि उभ्या गाडीच्या चाकांतले सिलिंडर आतून गंजतात. तुम्ही या गाडीने चढ चढताय, म्हणजे उतरतही असणार. चारही चाकं उघडून ब्रेक बघितल्याशिवाय डेपोच्या पलीकडे जाऊ नका. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे; हवा भरली म्हणजे टायर चांगला झाला असं नाही. कागदपत्रंही काढा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते. चार वर्षांत तुमची ती तारीख उलटून गेली असण्याची शक्यता आहे, आणि विमा-पीयूसी तर नक्कीच संपलेले असणार. गाडी एमएच-१२ ची असेल तर संगम पुलाजवळचं आरटीओ.

टाकी धुऊन, नळ्या बदलूनही गाडी त्याच चढावर बंद पडली, तर पुढच्या पत्रात तीन गोष्टी कळवा : बंद पडल्या क्षणी ठिणगी होती का, फिल्टरमध्ये पेट्रोल होतं का, आणि कंप्रेशनचे चार आकडे.